आवाज फाडून मिळेल

मंडपात स्पीकर फाटला की पहिली शिवी ऑपरेटरला बसते. सत्कारमूर्ती गहिवरून बोलत असतात, कर्ण्यातून त्यांचा गहिवर 'खर्रर्र' असा बाहेर येतो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "अय्, आवाज कमी कर की बे!" ऑपरेटर बटणं पिळतो, पेटीला चापट मारतो आणि शेवटी सगळं वायरवर ढकलतो. सोलापुरात लग्नं, बारशी, गणपती आणि प्रचारसभा ऐकत वाढलेला माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. आवाज स्वच्छ असावा, आणि फाटलाच तर त्यात कुणाचा तरी गुन्हा असतो.

हाच फाटका आवाज वाद्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला असतो. कोऱ्या खोक्यात, वॉरंटीच्या कागदासकट, पाच-सहा हजारांना. त्याला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. तळहातावर मावेल अशी धातूची पेटी, वर तीन बटणं, खाली पायानं दाबायची पट्टी. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं अ‍ॅम्प्लिफायरकडं निघते. मधल्या दोन-तीन इंचांत आवाजाचं जे काही व्हायचं ते होऊन जातं.

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात हा विषय पुतण्यानं आणला. तो इंजिनिअरिंगला आहे आणि चौघांच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो. उरलेल्यांत दोन गिटार आणि एक ड्रम. गाणारा कुणी नाही, कारण गाणं ऐकू येईल इतकी शांतता त्या चौघांत अजून झालेली नाही. रात्री जेवताना त्यानं पेडलची मागणी मांडली. माझ्या आईनं कडक भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "आत्ता चांगलं वाजतंय की रे ते. मग फाडायचं कशाला?"

पुतण्या गप्प झाला. त्याचा दोष नाही. ज्यांच्या हातून ही भानगड जन्माला आली त्यांनीही ती ठरवून केलेली नव्हती. १९६१ साली मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं आलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ते रेकॉर्ड होत असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि त्याच्या वाट्याला मिक्सरचा बिघडलेला चॅनल आला होता. सूर गुरगुरत बाहेर पडला. आपल्याकडं ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. तिथल्या ग्लेन स्नॉडी नावाच्या साउंड इंजिनिअरनं तो आवाज तसाच राहू दिला आणि गाणं गाजलं. मग इतर लोक त्याच आवाजाची मागणी घेऊन यायला लागले, पण तोवर तो चॅनल पुरताच बसला होता. आता आली पंचाईत. बिघाड काढून देणारे गल्लोगल्ली सापडतात. गेलेला बिघाड परत आणून देणारा कुठून शोधायचा? स्नॉडीनं ट्रान्झिस्टर जोडून तसाच बिघाड नव्यानं बांधला, तो गिब्सन कंपनीकडं गेला आणि १९६२ मध्ये 'मायस्ट्रो फझ-टोन' या नावानं बाजारात आला. कंपनीनं जाहिरात केली ती अशी, की पेटी लावा आणि गिटारमधून ट्रम्पेट, ट्युबा, चेलो यांचे आवाज काढा. म्हणजे वरातीतला अख्खा ब्रास बँड एका पायाखाली. लोकांना काही ते पटलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट या पेटीतून वाजवली, तीसुद्धा नंतर तिथं खरे ब्रासवाले आणायचे या बेतानं. रेकॉर्ड तशीच बाहेर पडली, ब्रासवाले घरी राहिले आणि दुकानांतल्या पेट्या संपल्या.

काहींनी तर पेटीची वाटसुद्धा बघितली नव्हती. लिंक रे यानं १९५८ सालच्या 'रंबल'साठी स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला. हे पुतण्याच्या वाचनात आल्यापासून माझा भाऊ दाढीची ब्लेडं मोजून ठेवतो. आमच्या घरात स्पीकर एकच आहे आणि तो टीव्हीचा आहे.

आईच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मात्र सोपं आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला तर ते चटकन कळावं. गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली बघा. रेल्वेपुलाच्या अलीकडं लोखंडी कमान असते. तिच्याहून उंच काही पुढं जात नाही. ट्रॉली बेतानं भरली तर सुखरूप जाते, तो स्वच्छ आवाज. थोडी जास्त भरली तर वरचा ऊस वाकतो, दबतो, घासत पलीकडं निघतो. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. कमानीच्या दुप्पट भरून ट्रॅक्टर रेटला की वरचा माल सरळ रेषेत कापला जातो, ते डिस्टॉर्शन. आणि ड्रायव्हरनं डोळे मिटून घातली तर पलीकडं जे निघेल ते फझ. पेडलमध्ये कमानीचं काम डायोड नावाचे इवलेसे भाग करतात. हिरव्या 'ट्यूब स्क्रीमर'मध्ये ते अशा ठिकाणी बसवलेत की आवाजाच्या लाटेचे शेंडे वळून गोल होतात. केशरी 'बॉस डीएस-१'मध्ये ते शेंड्याचा जादा भाग सरळ ग्राउंडला घालतात आणि शेंडा सपाट होतो. शेंडा जितका सपाट तितके मूळ सुरात नसलेले वरचे स्वर जास्त, आणि तेच कानाला खरखर, धार, जाडी म्हणून लागतात. 'गेन' लिहिलेलं बटण ट्रॉली किती भरायची एवढंच ठरवतं.

हे सगळं मी आईला ताटावर बोटानं काढून दाखवलं. ती म्हणाली, "मग वरचा ऊस वाया गेला की."

गेला. त्याच वाया गेलेल्या उसाचे पाच-सहा हजार.

निवडायची वेळ आली की सल्लागार उगवतात. बँडमधल्या पहिल्या गिटारवाल्याचा कौल डीएस-१ला, कारण ते कर्ट कोबेनच्या पायाखाली होतं. १९७८ साली निघालेलं हे पेडल अजून बनतंय, त्याअर्थी त्यात काहीतरी असणार. दुसऱ्याचा कौल 'रॅट'ला, कारण पहिल्याचा डीएस-१ला. रॅटवर 'फिल्टर' नावाचं बटण आहे. ते उजवीकडं फिरवलं की आवाज बोथट होतो, म्हणजे इतर पेडलांच्या टोनच्या बटणाच्या नेमकं उलटं. सोलापूरच्या सात रस्ता चौकात रोज गाडी चालवणाऱ्याला याचं काही वाटू नये. ड्रमवाल्याचा आग्रह 'मेटल झोन'चा. १९९१ सालच्या या पेडलवर दिसायला चार बटणं, पण त्यातली दोन दुमजली, म्हणजे एकूण सहा. सहा बटणांचा फायदा असा की घरातल्या प्रत्येकाला एकेक फिरवायला मिळतं. सगळी फिरवून झाली की आधीचं बरं होतं यावर एकमत होतं, आणि आधी काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ड्रमवाल्याला या विषयात मत का असावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

या सगळ्यांच्या वर एक सोवळी मंडळी असते. त्यांना जुनं जपानीच लागतं. हिरवं पेडल घ्यायचं तर १९८०च्या आसपासचं, आणि आत ४५५८ नंबरची चिप असलेलंच. ही चिप म्हणजे काय अप्राप्य वस्तू असेल अशी माझी समजूत झाली होती. मग एका अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीवाल्याकडं बसलो असताना त्याच्या पत्र्याच्या डब्यात तोच नंबर दिसला. बेस-ट्रेबलच्या किटमध्ये तीच घालतात, म्हणाला, आणि चहाच्या दोन कपांत येईल अशी किंमत सांगितली. म्हणजे सत्कारमूर्तींचा गहिवर ज्या पेटीतून जातो तिच्यातसुद्धा ४५५८ बसलेली असू शकते. हे मी सोवळ्यांपैकी एकाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, ती वेगळी." कशी वेगळी हे विचारायचं नसतं. श्रद्धेच्या जागी सर्किटचा नकाशा उघडू नये.

सोलापुरात हार्मोनियम, ढोलकी, संबळ वाजवून, ठोकून, चारचौघांना ऐकवून घेता येतात. पेडलं मात्र बरीचशी फोटो बघून मागवावी लागतात. म्हणून पुतण्याला घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठलं. तिथल्या एका दुकानातल्या पोरानं आमच्या स्कूटरपेक्षा महाग गिटार काढली, ती व्हॉल्व्हच्या दणदणीत अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, आणि एकेक पेडल लावून असं काही वाजवलं की मीच पैसे काढायला निघालो. पुतण्या हरखला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मघापासून पेडल बंद आहे. पोरगा त्याच्याशिवायच तसा वाजवत होता. दुकानात आपण पेडल ऐकतो अशी फक्त समजूत असते. ऐकत असतो ती त्या पोराची बोटं, दुकानाची गिटार आणि दुकानाचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि यातलं काहीच खोक्यात भरून देत नाहीत. मी पुतण्याला म्हणालो, आता तू वाजव. त्यानं वाजवलं. दुकानदार लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

घरी तर सगळा हिशेबच बदलतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजावर नेला की तो आपोआप फाटतो, पेडल लागतच नाही. पण निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलीय, आणि शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर त्या आकड्यांकडं बघून हसतो. पेडलचा खरा उपयोग इथं आहे. आवाज हळू ठेवून तो फाटल्यासारखा करून देतं. शेजाऱ्याला त्रास न देता दंगा केल्याचं समाधान, ही मध्यमवर्गाला मिळालेली दुर्मीळ सोय समजा.

पण हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी लागतात. त्यामुळं बंद खोलीत प्रत्येकजण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मधला भाग खाली ओढतो आणि म्हणतो, अहाहा! तीच मांडणी घेऊन बँडमध्ये गेला की तो दिसतो, पण ऐकू येत नाही. बेसची जागा ड्रमनं घेतलेली असते, वरची झांजांनी, आणि गिटारचं घर असतं नेमकं मधल्या भागात, जे त्यानं स्वतःच पाडलेलं असतं. 'बिग मफ' हे १९६९च्या सुमारास निघालेलं नामांकित पेडल मधला भाग मुळातच दाबतं. एकट्यानं वाजवताना राजा, चौघांत गेलं की बेपत्ता. उलट हिरवं ट्यूब स्क्रीमर एकटं ऐकलं तर नाक चोंदल्यासारखं वाटतं, आणि बँडमध्ये तेच उठून दिसतं.

त्यात विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि घराचं अर्थिंग यथातथा असलं की तिची बारीक गुणगुण गिटारच्या पिकअपमधून आत शिरते. गेन वाढवला की सुराबरोबर गुणगुणही वाढते. पाण्याचा दिवस असला तर बघायलाच नको. आमच्या भागात पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि पुतण्यानं तारेला हात लावायच्या आधीच अ‍ॅम्प्लिफायर गायला लागतो. एक फायदा असा की आई आता पाणी आलं का हे बघायला अंगणात जात नाही. अ‍ॅम्प्लिफायर वाजला की ती पाईप लावायला सांगते.

आणि पुतण्या वाजवतो बास. सल्लागारांपैकी एकालाही हे शेवटपर्यंत आठवलं नाही. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, बासची ४१वर. गिटारसाठी बांधलेली बरीच पेडलं आवाज घट्ट राहावा म्हणून खालचा भाग आधीच छाटून टाकतात. ट्यूब स्क्रीमर तर हमखास. त्यातून बास घातला की जाडी जाते आणि नुसती करकर उरते. मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टननं बिग मफ बासला लावून नाव काढलं, पण त्याची बोटं दुकानात मिळत नाहीत हे वर आलंच आहे. बासवाल्यांसाठी उपाय वेगळा आहे. काही पेडलांवर 'ब्लेंड' किंवा 'बॅलन्स' असं बटण असतं, त्यानं मूळ स्वच्छ आवाज आणि फाटका आवाज हव्या त्या प्रमाणात एकत्र सोडता येतात. तळ शाबूत, वर खरखर. बॉसच्या पिवळ्या ओडीबी-३ वर ते आहे.

बासचा आणखी एक गुण म्हणजे तो भिंतीला जुमानत नाही. वरचे स्वर भिंतीत विरतात, खालचे आरपार जातात. बँडमध्ये पुतण्याचा बास कुणालाच ऐकू येत नाही अशी त्याची तक्रार असते, आणि खालच्या मजल्यावर तोच बास मांडणीतली स्टीलची भांडी थरथरवत असतो. खाली राहणारे निवृत्त मुख्याध्यापक एकदा वर आले. रागावलेले नव्हते, काळजीत होते. "मालक, तुमचा मिक्सर बिघडलाय वाटतं. माझ्या ओळखीचा माणूस आहे, पाठवू का?" मी म्हटलं, सर, मिक्सर नाही, पुतण्या आहे. "असं होय," म्हणाले, "मग काय उपाय नाही," आणि चहा घेऊन गेले.

या सगळ्या खटाटोपात मला राहून राहून आपल्या बेंजोवाल्यांचं कौतुक वाटतं. हे वाद्य मुळात जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' तयार केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्राच्या रस्त्यावर पिकअप लावून, टेम्पोवरच्या कर्ण्यांना जोडून बेंजो झालं. वरात चौकात आली की बेंजोवाला जो सूर धरतो तो फाटलेला असतो, धारदार असतो, आणि ताशांच्या गजरातूनही नवरदेवाच्या घोड्यापर्यंत पोचतो. ट्यूब स्क्रीमरवाले मधल्या भागाचं जे तत्त्वज्ञान तासभर सांगतात, ते इथं कर्णा आपोआप करतो, कारण कर्ण्याला खालचं आणि वरचं काही जमतच नाही. या माणसाला अमुक वर्षाची तमुक चिप हवी असं म्हणताना मी ऐकलेलं नाही. त्याला सुपारी हवी असते.

आणखी मागं जायचं तर मिरज फार लांब नाही. कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, की मिरज. तिथले शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावायचे, एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते तिथं कारागीर घोडी अशी घासतो आणि खाली दोरा असा सरकवतो की तार सरळ न वाजता झणझणत राहते. त्याला जवारी काढणं म्हणतात. आता लगेच छाती फुगवून 'डिस्टॉर्शनचा शोध आमचाच' असं जाहीर करायला नको. जवारीत कुणी लाटेचा शेंडा कापत नाही, प्रकार वेगळा आहे. पण कोऱ्या, गुळगुळीत सुरानं माणसाचं पोट भरत नाही, त्याला वर थोडी झणझण लागते, हे मिरजेत नॅशव्हिलच्या आधीपासून ठाऊक होतं एवढं म्हणायला हरकत नाही. मी हे आईला सांगितलं. ती तरुणपणी गाणं शिकलेली आहे. ती म्हणाली, "मग तंबोराच घे की त्याला." पुन्हा उत्तर नाही.

पुतण्यानं शेवटी वापरलेलं पिवळं पेडल घेतलं, तेही सोलापुरातच, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. विकणारा मुलगा त्याच आठवड्यात नोकरीला पुण्याला निघाला होता. इथं असा माल बरा मिळतो, आणि त्याचं कारण फारसं आनंदाचं नाही. पोरं इंजिनिअर होतात, पुण्याला जातात, बँड मोडतो, आणि पुण्यात तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्याला पेडल दाबायला पाय ठेवायचीसुद्धा जागा नसते. आमच्या पुतण्याचं पेडलही दोनेक वर्षांत विक्रीला निघेल, तेव्हा इच्छुकांनी लक्ष ठेवावं.

बाकीच्यांना एवढंच सांगतो. गिटार वाजवत असाल तर तीन बटणांचं साधं पेडल घ्या, केशरी किंवा हिरवं, आणि गेन तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्यावर ठेवा. बास वाजवत असाल तर ब्लेंडच्या बटणाशिवाय पैसे देऊ नका. दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा आणि स्वतःच्या हातानं वाईट वाजवून बघा. अडॅप्टर ९ व्होल्टचा, ज्याच्या पिनेचं मधलं टोक निगेटिव्ह आहे असाच लागतो. वाय-फाय राउटरचा बहुधा १२ व्होल्टचा आणि उलट्या टोकांचा असतो, तो लावू नका. बॅटरीवर चालवणार असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची वायर काढून ठेवा. ती खोचलेली राहिली तर दिवा बंद दिसला तरी पेडल आतून चालूच असतं, आणि ९ व्होल्टची बॅटरी उगाच संपत जाते.